आत्याने पुढे काढून ठेवलेली बाटली

आज सकाळी आत्या गेली, आणि तासाभरात काकींनी माझ्या लेकीचं दूध मोरीत ओतायला घेतलं.

काकींवर तुम्ही चिडू नका. तेवढं मी चिडून घेतलंय.

आमच्या घरांत माणूस गेलं की शिजवलेलं, भरलेलं सगळं ओततात. डाळ, भात, हंड्यातलं पाणी. माझ्या चुलतसासू, म्हणजे काकी, रीतीप्रमाणे फ्रीज रिकामा करत होत्या. त्यात मी काढून ठेवलेल्या माझ्या अंगावरच्या दुधाच्या बाटल्या होत्या. मी बोर्लीला नोकरीवर जाते तेव्हा माझी माही घरी तेच दूध पिते.

मी ओरडले, "काकी, ते ओतायचं न्हाय!"

मयताच्या घरात सुनेने आवाज चढवला. झालं! जमलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

आता आत्या कोण ते सांगते.

माझ्या सासऱ्यांची आत्या. पण सगळा कोळीवाडा तिला आत्याच म्हणायचा. नव्वदीला टेकलेली, तोंडाने फटकळ.

कुणी फसवायला आलं की म्हणायची, "मी बोल्यानं दूध प्यालेली हाय, पन तुझ्या बाच्या लगनाआधी!"

आणि ते बोळ्याने दूध प्यायल्याचं अगदी खरं होतं.

आत्या जन्मली ती साधारण एकोणीसशे पस्तीसच्या आसपास. नक्की साल तिलाही माहीत नव्हतं. अपुऱ्या दिवसांची, एवढीशी. ओढून प्यायची ताकदच नव्हती. तिची आई दूध पिळून काढायची आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजायची.

पण बाप होडीवर, आणि आलेली मासळी विकायला आईलाच जावं लागायचं. डोक्यावर पाटी घेऊन बोर्लीच्या बाजारात, चालत. असलं नाजूक मूल उन्हातून न्यायचं कसं?

मग घरी पाजायचं काय? वरचं दूध, म्हणजे शेळीचं, पाणी घालून. आत्याच्या आधीची भावंडं त्याच दुधावर गेली होती.

आत्याची आई सासूला म्हणाली, "आये, माझंच दूध काढून ठेवते. ही पन गेली तर मी कुनाकडं बघू?"

सासू घाबरली. कारण रीत उलटी होती. पिळलेलं दूध झाडाच्या बुंध्याशी ओतायचं, घरात ठेवायचं नाही. मुंगी लागली तर आईचं दूध आटतं म्हणायचे.

पण नातवंडं पुरून तीही थकली होती. म्हणाली, "ठेव. मी बघते."

आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला.

आपल्याकडे दुधाची जागा कुठली? चुलीचा वैल! निखाऱ्यांच्या उबेवर दिवसभर. म्हातारीने प्रेमाने ती वाटी वैलावर ठेवली. गाईचं दूध तापवलेलं असतं म्हणून टिकतं. हे कच्चं, ते कोमट राहून नासलं. म्हातारीला वास कळला नाही. दुपारी आई परतली तोवर पोरीला जुलाब सुरू झाले होते.

अख्खी आळी म्हणाली, "बघा! दूध घरात ठेवलं, आता भोगा!"

आईने बाजार सोडला. दिवसरात्र पोरीला मांडीवर घेऊन ताजं काढलेलं दूध बोळ्याने पाजत बसली. पोरीने पुन्हा डोळे उघडले.

पण बाजार किती दिवस सोडणार? पोटाचं काय?

मग म्हणे तिने वैलावर तशीच राहिलेली ती वाटी हुंगली आणि सासूला विचारलं, "आये, मासली कदी चुलीजवल ठेवतेस काय?"

"छ्या! नासंल ना."

"मंग माझं दूध का ठेवलंस?"

आत्या हे सांगताना दर वेळी मांडीवर थाप मारायची. दर वेळी! मला पाठ झालं होतं, तरी मी हसायचे.

पुढच्या बाजाराला आईने हात धुतले, लोणच्याची छोटी बरणी उकळत्या पाण्यातून काढली, दूध भरून झाकण लावलं. ती ठेवली पाण्याच्या डेऱ्याखाली, गार पाणी भरलेल्या परातीत. वरून ओलं फडकं. पाण्यातून मुंगी येणार कशी? वाटीत लागेल तेवढंच काढायचं, उष्टं उरलं तर झाडाशी ओतायचं. म्हणजे रीतही राहिली.

त्या दुपारी आई पाटी टाकून धावतच आत आली. पोर पिऊन झोपली होती आणि म्हातारी परातीजवळ पहारा देत बसली होती.

(आयांनो, आता फ्रीज आहे. किती तास ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, परात शोधू नका!)

माही झाल्यावर मी नोकरीवर परत निघाले तेव्हा जीव तुटत होता. राजीनामा लिहायचाच बाकी होता. आत्या म्हणाली, "जा गं. दूध राखायला मी हाय ना!"

मी बाटल्यांवर तारखा टाकायचे. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून ती सर्वांत जुन्या बाटलीला लाल दोरा बांधून पुढे ठेवायची. "कालची मासली आधी खपवायची, आजची मागं."

आज हे सगळं मी त्या बायकांसमोर रडत रडत बोलले. शेवटी म्हटलं, "तेव्हा ते दूध ओतलं असतं, तर आज आपण रडतोय ती बाई असती का?"

काकींनी ओतायला धरलेली बाटली सरळ केली. मग डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "ही कुठं ठेवू? पुढं का मागं?"

बघितलं तर तिला लाल दोरा होता. सकाळी चहाच्या आधी आत्याने बांधला असणार. तेच तिचं शेवटचं काम.

दुपारी काकींनीच ती बाटली कोमट पाण्यात धरली आणि माहीला पाजली.

आत्या, माही सगळं प्यायली. एक थेंब ओतला नाही.

उद्यापासून दोरा काकी बांधणार आहेत. तू निवांत जा.