तीजाच्या आधी रजिस्ट्री नाही

माझ्या सासरचे लोक मराठ्यांच्या फौजेबरोबर रायपुरात आले, असं ते सांगतात. आणि आल्यापासून भाड्यानेच राहतात, असं मी सांगते. फौज परत गेली, इंग्रज आले आणि गेले, मध्यप्रदेशाचं छत्तीसगड झालं, पण या घराण्यातल्या एकाही माणसाला स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायची घाई झाली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा समता कॉलोनीत तळमजल्यावर आमच्या तीन खोल्या आणि डोक्यावर घरमालकीण, असा थाट होता. ही बाई वर बसून आमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची. दोन जास्त झाल्या की गॅलरीतून विचारायची, "दीदी, आज मेहमान हैं क्या?" आमच्याकडे पाहुणे आलेत हे पुष्कळदा मला तिच्याकडून कळलं आहे.

शेवटी आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. हे सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. त्यांची भट्टी मधूनमधून बंद करून दुरुस्त करतात, त्याला शटडाऊन म्हणतात. भट्टी बंद असेपर्यंत कारखाना नुसता बसून राहतो, म्हणून शटडाऊनमध्ये एक काम संपायची वाट बघत दुसरं काम थांबवत नाहीत. सगळी कामं शेजारी शेजारी चालवतात. ह्यांनी कार्डशीटवर रंगीत पट्ट्या ओढल्या आणि घरखरेदीचा शटडाऊन जेवणाच्या टेबलासमोर चिकटवला. घर बघणं ही हिरवी पट्टी, बँक निळी, रजिस्ट्री लाल. आणि या सगळ्यांच्या पोटातून जाणारी एक पिवळी पट्टी होती, ती म्हणजे भाड्याचं घर सोडायची नोटीस.

"अहो, घर हातात नाही आलं अजून. नोटीस काहून देऊन राहिले?" मी म्हटलं.

"तुले नाही समजत. समांतर काम आहे हे. यात उशीर व्हायले जागाच नाही राहत."

"आपल्याले राहील का पण?"

ते हसले. अभियंते असं हसतात तेव्हा घरातल्या बायकांनी लगेच सामान बांधायला घ्यावं.

नोटीस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी घरमालकिणीने आमच्या खोल्या एका दातांच्या डॉक्टरला देऊन टाकल्या. समता कॉलोनीत दर तिसऱ्या दारावर दवाखाना आहे, त्यामुळे तिथे दातांचा डॉक्टर मिळायला भाजीवाल्यापेक्षा कमी वेळ लागतो. हा डॉक्टर मोठा गोड माणूस. आम्ही जेवत असलो तरी टेप घेऊन आत यायचा, ताटांवरून पाय टाकत मापं घ्यायचा आणि जाताना आमच्या पोट्टीला म्हणायचा, "बेटा, जरा आ करो." पितर लागायच्या आत त्याला उद्घाटन करायचं होतं. त्या पंधरवड्यात नवीन काही करायचं नाही, हे त्यालाही त्याच्या आईने बजावलेलं. म्हणजे गणपती झाले की पितरांच्या आधी आम्हाला खोल्या सोडायच्या होत्या, आणि त्याआधी नवं घर नावावर व्हायचं होतं. नाहीतर पलंग, कपाट, पोट्टी आणि मी रस्त्यावर, आणि हे पट्ट्यांसह आमच्या बाजूला.

घर मात्र मिळालं होतं, आणि असं मिळालं होतं की माझा जीव त्यात अडकला. शहराच्या जुन्या भागातल्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बैठं घर, मागे अंगण, अंगणात पेरू. मालक एक निवृत्त सरकारी माणूस. आम्ही त्यांना भैया म्हणायचो. बायको गेलेली, मुलगा भिलाईला चौथ्या मजल्यावर. भैयांना आता त्याच्याकडे जायचं होतं. सगळं सरळ होतं. फक्त घर त्यांच्या वडिलांचं होतं, आणि वडिलांना एक मुलगीही होती. बँकेचा वकील म्हणाला, बहिणीची सही लागेल, आणि ती स्वतः हजर लागेल.

"हो जाएगा," भैया म्हणाले.

रायपुरात या दोन शब्दांवर पूल बांधले जातात. ह्यांनी लाल पट्टीच्या टोकाला एक बारीकशी रेघ मारली: बहिणीची सही, अर्धा दिवस.

भैयांच्या या बहिणीचं, म्हणजे दीदीचं, गाव धमतरीच्या पुढे, शेतांच्या मधे. फोनवर ती कशालाच नाही म्हणत नव्हती. आम्ही काहीही म्हटलं की "हव", म्हणजे हो, म्हणायची. घर विकायचंय ना, हव. सही लागेल, हव. या आठवड्यात याल का, हव. आणि यायची नाही. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, आपणच जाऊ, गाडी करू, भैयांना घेऊ, सकाळी तिला आणून दुपारी रजिस्ट्री. कारखान्याच्या वाटेवर भनपुरीच्या ट्रकांच्या रांगेत रोज म्हातारा होणारा हा माणूस, धमतरीच्या मोकळ्या रस्त्यावर त्या दिवशी शीळ वाजवत होता.

आम्ही अंगणात उतरलो, आणि मला अजूनही शपथेवर सांगता येईल की गाडीचं दार लावायच्या आत दीदी पिशवी घेऊन बाहेर उभी होती. साठीची बाई, कपाळावर मोठी टिकली, अंगावर ठेवणीतलं लुगडं. तिने भैयांच्या पाया पडून घेतलं, शेजारणींना ओरडून सांगितलं, सुनेला चार कामं सांगितली, पोळ्याच्या फराळाची एक डबाभर ठेठरी-खुर्मी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडीत मधोमध बसली. एवढ्या सहज काम झालेलं पाहून हे इतके खूश झाले की त्यांनी समोरच्या सीटवरून वळून कागदांची फाइलच उघडली.

"दीदी, बस यहाँ-यहाँ साइन है."

दीदीने फाइलकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. मग भैयांकडे, आणि भैया खिडकीतून धानाची शेतं बघायला लागले.

"तीजा के बाद," ती म्हणाली.

आता बाहेरच्यांना हे सांगावं लागेल. आपल्याकडे हरतालिका असते तोच इथला तीजा. पण इथे पोळा झाला की भाऊ बहिणीला आणायला तिच्या सासरी जातो. आजी झालेली बहीणसुद्धा पिशवी भरून वाट बघत बसते. माहेरी येऊन ती उपास करते, दुसऱ्या दिवशी माहेरची साडी नेसून सोडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन दारात आला याचा छत्तीसगडात एकच अर्थ होतो. आमच्या सासरच्यांना इथे राहून पिढ्या झाल्या, पोळा-तीजा तोंडपाठ, शेजारणींच्या घरची ठेठरी आम्ही दरवर्षी खातो, आणि तरी ह्यांनी शटडाऊन नेमका त्याच दिवशी लावला. पट्ट्यांमध्ये सण धरायचे राहिले होते. कारखान्याच्या भट्टीला माहेर नसतं.

"दीदी, तीजाच्या आधी सही झाली तरी तीजा होईलच ना," हे हिंदीत समजावू लागले.

"मइके ला बेच देहू, त तीजा कहाँ करहूँ?" ती म्हणाली. माहेर विकल्यावर तीजा कुठे करू. "दूसर के घर म उपास रहूँ का?"

ह्यांनी फाइल मिटली. गाडी रजिस्ट्री ऑफिसवरून पुढे निघून गेली. ह्यांनी ऑफिसच्या फाटकाकडे असं पाहिलं, जसं लोक स्टेशनवर सुटलेल्या गाडीकडे पाहतात.

मग मी ठरवलं की या बाईला डोळ्याआड होऊ द्यायचं नाही. उपासाच्या आदल्या दिवशी इथे करू भात खातात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, आणि तो एका घरी खाऊन भागत नाही. पाऱ्यातल्या झाडून सगळ्या घरी माहेरी आलेल्या लेकींनी जायचं असतं. दीदीने मला हाताला धरून नेलं. "येही मोर मइके ला लेवत हे," माझं माहेर हीच विकत घेतेय, असं ती प्रत्येक दारात माझी ओळख करून द्यायची, आणि त्या घरची बाई माझ्याकडे एकदा बघून कारल्याचा आणखी एक डाव वाढायची. त्या दिवशी मी इतकं कारलं खाल्लं की पुढे महिनाभर मला चावलेला डास कडू तोंड करून उडून जात होता. पण प्रत्येक घरी मी मुकाट्याने ताट पुसून खाल्लं. पाऱ्यातल्या बायका आपसात म्हणाल्या म्हणे, महाराष्ट्रीयन बाई आहे, पण खाते बरोबर.

दुसऱ्या दिवशी मी माझी हरतालिकाही त्याच अंगणात, पेरूखाली वाळूची पिंड करून केली. पाणी दोघींनाही नाही. दुपारी जीभ टाळूला चिकटल्यावर दीदी बोलायला लागली. भिलाईला मुलाच्या फ्लॅटमध्ये भैयांनी तिला पुढच्या वर्षी बोलावलं होतं. "लिफ्ट म चढ के तीजा," ती म्हणाली आणि नाकाने हसली. भैयांच्या सुनेचं घर, सुनेचा ओटा. तिथे ती पाहुणी. मी ऐकत होते. माझ्या डोक्यात एकीकडे दया येत होती आणि एकीकडे दातांचा डॉक्टर.

तो तर त्याच दिवशी खुर्ची घेऊन आला होता. संध्याकाळी घरी पोचले तर बैठकीत आमच्या कपाटाला टेकून एक निळी, हात-पाय असलेली, उशी असलेली, वर-खाली होणारी खुर्ची. तिच्या बाजूला सरकायलाही जागा नाही. दुसऱ्या दिवशी गणपती आणले ते भांड्यांच्या खोक्यांवर, त्या खुर्चीच्या शेजारी बसवले. एकदंताला दंतवैद्याची सोबत. आरतीला आलेली घरमालकीण आधी खुर्चीला हात जोडून गेली, बहुतेक ती नवी असल्यामुळे. आमची पोट्टी म्हणाली, "मम्मी, बप्पा का दूसरा दाँत भी निकाल देंगे ये लोग." दीड दिवसात विसर्जन करून टाकलं.

आणि मग उजाडला रजिस्ट्रीचा दिवस. पितर अजून लांब, ऑफिस उघडं, वकील हजर, भैया धुतलेल्या शर्टात, दीदी माहेरच्या नव्या साडीत. ह्यांच्या चेहऱ्यावर पट्ट्यांची पूर्वीची चमक परत आलेली. आमचा नंबर लागला. साहेबांनी भैयांना विचारलं, "अपनी मर्जी से बेच रहे हैं?" भैया म्हणाले, जी. साहेब हा प्रश्न दिवसभर विचारतात आणि उत्तर येण्याआधी पान उलटतात. तसंच त्यांनी दीदीला विचारलं.

"मर्जी तो नइ हे साहेब," दीदी म्हणाली.

साहेबांचा हात पानावर थांबला. खोलीतला पंखाही थांबला असं मी म्हणेन, कोणी पंखा नव्हताच म्हणालं तरी.

"किसी का दबाव है?"

"दबाव नइ हे. मर्जी घलो नइ हे." दबाव नाही, मर्जीही नाही. तिने प्रामाणिकपणे विचार करून सांगितलं होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मर्जी नसेल तर होणार नाही, म्हणाले, घरी जाऊन सल्ला करा, पुढची तारीख घ्या. पुढची तारीख पितरांच्या पलीकडे होती. भैया म्हणाले, "अरे, बोल दे ना." ती म्हणाली, "झूठ काबर बोलहूँ?" खोटं कशाला बोलू. वकील घाम पुसू लागला. हे उभ्या उभ्या पांढरे पडत चालले होते, आधी कान, मग नाक.

मी दीदीजवळ जाऊन खाली बसले. "दीदी, अगला तीजा आप वहीं करोगे. उसी आँगन में. रसोई आपकी. मैं तो वैसे भी आपके पारे में अब मुँह दिखाने लायक खा चुकी हूँ."

"मोला लेगे बर कोन आही?" मला न्यायला कोण येईल. हे तिने मला विचारलं नाही. बाई आणायला येत नाहीत, भाऊ येतात. ती ह्यांच्याकडे बघत होती.

माझ्या नवऱ्याला एकही बहीण नाही. दर राखीला हा माणूस रिकामं मनगट घेऊन सिलतऱ्याला जातो आणि म्हणतो, बरं आहे, खर्च नाही. काही ठरवायचं असलं की तो आधी कागद मागतो. त्या दिवशी त्याने कागद मागितला नाही.

"हव," ते म्हणाले.

"हर साल?"

"हर साल, दीदी. पोरा के दूसरे दिन." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

दीदीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, भाऊ म्हणून कसा दिसतो ते. मग पदर नीट केला आणि साहेबांकडे वळली. "मर्जी हे साहेब. लिख लव."

अंगठा, फोटो, सही, सगळं उरकलं. फोटोत ती एकटीच हसते आहे. दोन दिवसांत आम्ही खोल्या सोडल्या, आमचा पलंग बाहेर पडत असतानाच डॉक्टरचा पहिला पेशंट आत येत होता, आणि पितर लागले तेव्हा आम्ही पेरूखाली चहा पीत होतो.

यंदा पोळ्याला ह्यांनी रजेचा अर्ज दिला, कारण म्हणून लिहिलं, बहिणीला आणायला जाणे. त्यांचे साहेब म्हणाले, इतकी वर्षं नोकरी केली, तुला बहीण नव्हती.

"घरासोबत आली," हे म्हणाले, आणि साडी कोणत्या दुकानात चांगली मिळते ते साहेबांनाच विचारत बसले.