आंब्याखालचं गाऱ्हाणं

लालबागला आमच्या चाळीच्या अंगणात एक आंबा होता. चाळीच्या जागी होणाऱ्या टॉवरच्या कामात तो मध्येच येत होता, म्हणून बिल्डरने झाडं तोडणारा एक माणूस पाठवला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. अंगाने सुक्या बोंबलासारखा, बोलणं मालवणी. आल्या आल्या करवत लावेल असं वाटलं होतं. पण त्याने चपला काढल्या आणि खोडावर तळहात ठेवला. मग बुंध्याशी नारळ ठेवून, गावी देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका नवी घरां मेळतली. पण ह्या झाडार जी पाखरां ऱ्हवतत, तेंकाय खंयतरी जागा दी रे म्हाराजा!"

गॅलरीत उभे असलेले आम्ही सगळे कोकणातलेच. गाऱ्हाणं कानावर पडलं की जीभ थोडीच थांबते? अख्खी चाळ एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

त्याने वर पाहिलं. "व्हय म्हटलास मगे, इसरा नकात हां." आणि करवत उचलली.

आता मी त्याच जागी चौदाव्या मजल्यावर राहतो. घर छान आहे, खोटं कशाला बोलू? पक्षी घाण करतात म्हणून सोसायटीने सगळ्या खिडक्यांना जाळ्या लावल्यात. फक्त मोहराचे दिवस आले की घरात जीव रमत नाही. उगाच खिडकीशी जाऊन वास घेत राहतो.

परवा एक पोपट जाळीला लटकून आत बघत होता. मी आतून हळूच म्हणालो, "व्हय म्हाराजा."