पाळीचा विरोधी पक्ष

बडनेऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा अंगावर अमेरिकेत शिवलेला लोकरीचा कोट होता आणि वर चैत्राचं ऊन होतं. सबंध फलाटावर असा शहाणा मी एकटाच. पण चार वर्षं अमेरिकेत राहून आलेला माणूस धोतरात ओळखू कसा येणार? अमरावतीला माझं व्याख्यान होतं, 'अमेरिकेचे राजकीय पक्ष'. पुण्यात हेच व्याख्यान दिलं, तेव्हा श्रोत्यांनीच मला दीड तास व्याख्यान दिलं होतं. ऐकून घेणारी माणसं शोधत मी वऱ्हाडात आलो, हे खरं कारण.

अमरावतीकरांनी ऐकून घेतलं. मी सांगितलं, त्या देशाच्या घटनेत पक्षाचा उल्लेखसुद्धा नाही आणि पक्षावाचून तिथं पान हलत नाही. मुख्य पक्ष दोन. कायदेमंडळात ज्याची डोकी जास्त, त्याचा सभापती आणि त्याचेच समित्यांचे अध्यक्ष. कुठलं बिल पुढं यायचं आणि कुठलं कुजायचं, ते तेच ठरवणार. प्रत्येक पक्षाचा प्रतोद असतो, तो आपली माणसं हाकून मताला आणतो. "आणि समोरच्या पक्षाचं बिल कितीही चांगलं असो, ते पाडायचं!" असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. टाळ्या पडल्या. खरं तर तिथले सभासद कितीदा तरी पक्षाला झुगारून मत देतात आणि खुशाल जागेवर राहतात. पण हे सांगितलं की मूठ आपटायला जागा उरत नाही, म्हणून मी ते गाळत असे.

टाळ्या वाजवणाऱ्यांत नारायणराव होते, अकोल्याच्या वाटेवरच्या एका लहान गावच्या कमिटीचे (नगरपालिकेचे) अध्यक्ष. गावाचं नाव लिहीत नाही. तिथलं अन्न खाल्लं आहे. त्यांनी मला स्टेशनावरून दमणीत (हलक्या बैलगाडीत) घालून घरी नेलं. वाटेत दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी जमीन नुसती तापून पडली होती. जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी आणि ठेचा. ठेचा मी चटणीसारखा खाल्ला आणि ओक्साबोक्शी रडलो. नारायणराव खूश झाले. "भाषनात तर लय तिखट बोलता, साहेब!"

त्या गावातही मी तेच व्याख्यान दिलं. त्यानंतर कमिटीच्या अकराही सभासदांनी पक्ष काढायचं ठरवलं आणि अकराही जण एकाच पक्षात गेले.

"जास्तीवाल्याले सगळं भेटते म्हनता," नारायणराव म्हणाले, "मंग कमतीत कोन जाईन?"

मी म्हटलं, विरोधी पक्ष पाहिजेच, त्याशिवाय अमेरिका कसली! बराच खल झाला. शेवटी तोड त्यांनीच काढली. "आमच्या विहिरीवर तीन भावांच्या मोटेच्या पाळ्या हायेत. कधी भांडन नाही. तशीच पाळी लावून टाकू. एका सभेले हे पाच जन विरोधात, दुसऱ्या सभेले दुसरे पाच."

मला हसू आवरेना, तरी मी मान डोलावली. आपल्यामुळं एक राज्यपद्धती सुरू होते आहे, हा मोह कुणाला सुटतो?

त्या सभासदांत महादेवराव नावाचे माळी होते. ते मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर काढायचे आणि त्यांची बायको पारूबाई ती आठवडी बाजारात विकायची. गेल्या वैशाखात दोन भाजीवाल्या ऊन लागून बाजारातच पडल्या. त्यातली एक उठली नाही. भाजीच्या रांगेवर टिनाचं छप्पर घालावं, या एका कामासाठी महादेवराव निवडून आले होते. टिन कमिटीच्या आवारात येऊन पडलं होतं. पुढच्या सभेत ठराव झाला की छप्पर उभं.

"अकराच्या अकरा राजी हायेत," ते मला सांगून गेले. "मी घरी बी सांगून राहिलो, यंदा सावलीत बसशील."

मी अकोल्याला आठ दिवस तेच व्याख्यान देत फिरलो आणि सभेच्या दिवशी पाहुणा म्हणून परत हजर झालो. महादेवरावांची नेमकी विरोधाची पाळी होती. त्यांनी छपराचा ठराव मांडला. नारायणरावांनी माझ्याकडं पाहिलं.

"साहेब, हा तर विरोधकाचा ठराव झाला. अमेरिकेत काय करतेत?"

खरं ते अगदी ओठांवर आलं होतं. पण अकोल्याच्या टाळ्या अजून कानात होत्या, आणि आपणच सांगितलेलं आपणच कसं खोडायचं?

"पाडतात," मी म्हटलं.

ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी पडला. हात वर करताना सहाही जणांनी महादेवरावांची माफी मागितली.

महादेवराव तरीही टोपलीभर वांगी घेऊन मला स्टेशनावर पोचवायला आले. गाडी सुटायच्या बेतात असताना म्हणाले, "साहेब, तिकडं कोनी कधीच पार्टीले सोडून मत देत नाही का?"

"देतात की. पुष्कळदा देतात."

"मंग सभेत काहून नाही सांगलं?"

गाडी हलली. मी खिडकीतून हात हलवला. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

पुण्याला पोचलो त्याच दिवशी नारायणरावांना पत्र घातलं: चूक सर्वस्वी माझी, तिकडं सभासद मत द्यायला मोकळा असतो, कृपा करून छप्पर घाला. उत्तर यायला महिना लागला.

'आपलं पत्र मी महादेवरावांना दिलं, ते त्यांनी खास सभा बोलावून वाचलं. खास सभेस मागचीच पाळी धरावी असं ठरल्यामुळं ते विरोधी पक्षाचं पत्र झालं, आणि सहा विरुद्ध पाच मतांनी पडलं. कळवण्यास वाईट वाटतं की परवाच्या बाजारात पारूबाईंना ऊन लागलं आणि त्या गेल्या. महादेवराव आता सभेस येत नाहीत, त्यामुळं पाळीचा घोळ झाला आहे. अमेरिकेत अशा वेळी काय करतात, ते उलट टपाली कळवावं.'

चार वर्षं त्या देशात काढली, वर्तमानपत्रं वाचली, मोठमोठ्या सभा ऐकल्या. नारायणरावांना काय कळवावं, ते मला अजून सुचलेलं नाही.