आधी पाणी

नांदेडला विद्यापीठाच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि नेटचं दुकान आहे. दर सोमवारी तिथं एक निवृत्त प्राध्यापक येतात. त्यांचं नाव संगणकाच्या पडद्यावर दिसतं, पण मी त्यांना सरच म्हणतो. आम्ही बौद्ध, म्हणून आल्या आल्या मला जयभीम घालतात, माझ्याकडं पाणी मागतात आणि पेला तळापर्यंत रिकामा करतात. मग चष्मा कपाळावर सरकवून आपल्या संशोधनाचं पान उघडायला लावतात. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांची हाडं कशी वाकतात, हा त्यांचा विषय. जगभरातल्या किती जणांनी त्यांच्या लेखाचा आधार घेतला, तो आकडा ते बोट टेकवून वाचतात.

परवा आकडा बराच वाढला होता. मी म्हणालो, "सर, पेढे पाहिजेत आता!"

ते हसले नाहीत.

"याच लेखासाठी बिलोलीकडं पाण्याचे नमुने घ्यायला गेलतो. बौद्धवाड्यात एका म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मला पाण्याचाच संशय होता, म्हणून नको म्हणालो. तपासणी व्हायची होती, म्हणून कारण सांगितलं न्हाई. ती म्हणाली, 'आमच्या हातचं चालत न्हाई व्हय, साहेब?'"

"मग नंतर सांगितलं का?"

"लेख छापून आल्यावर गेलो सांगायला. म्हातारी वारली होती. सुनेनं 'बसा' म्हणलं, पण पाण्याचं विचारलंच न्हाई."

ते उठले आणि जाताना त्यांनी पुन्हा पाणी मागितलं. त्यांच्या पिशवीत घरून आणलेली बाटली काठोकाठ भरलेली होती.