चार खुर्च्यांची श्रीमंती

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे, सांभाळून घ्या. लक्ष्मीअक्का गेली त्याला दीड महिना झाला. तोंडाने मला कधी कुणाला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

शेजारच्या पत्र्याच्या खोलीत ती एकटी राहायची. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. आम्ही दोघी एकाच उंबऱ्यावर सुपं घेऊन विड्या वळायचो. वीसेक वर्षांपूर्वी गरिबांची यादी करायला एक साहेब घरोघर येणार होते. अक्काने खोली झाडून-पुसून घेतली आणि माझ्याकडून चार खुर्च्या, टेबलफॅन आणि टीव्ही मागून नेला. मी म्हटलं, "अगं, गरिबी बघायला येतोय त्यो."

"पावनाच की! त्याला जमिनीवर बसवू व्हय? तुज्यावानी लाज सोडली न्हाय मी."

साहेब खुर्चीत बसले, फॅनचा वारा घेत चहा प्याले आणि खुर्च्या, फॅन, टीव्ही कागदावर लिहून गेले. अक्काचं नाव यादीत आलंच नाही. वस्तू माझ्या आहेत हे सांगायला आम्ही किती खेटे घातले... दरवेळी साहेब नवा, कागद तोच. "टीव्ही आहे आणि गरीब कशा हो?" असं म्हणून हसायचे. स्वस्त धान्य नाही, दवाखान्यात सवलत नाही. तंबाखूच्या धुळीत ती खोकत राहिली.

गेल्या वर्षी कुठे तिचं नाव यादीत चढलं आणि घरकुल मंजूर झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली. पहिला हप्ता आला, पाया खणला आणि अक्काने अंथरूण धरलं. हप्ता दवाखान्यात गेला. शेवटची भेटले तेव्हा म्हणाली, "विटा मागनं घिऊ गं, आदी श्वास तरी घिऊ दे."

तेरावा व्हायच्या आत ऑफिसातला माणूस दारात. "बांधकाम नाही, हप्ता परत करा. नाहीतर नाव ऑफिसच्या फळ्यावर थकबाकीदारांत लागेल. साक्षीदार तुम्हीच ना?" तिला गरीब म्हणायला यांना वीस वर्षं लागली, वसुलीला तेरा दिवसही नाहीत!

तुझं देणं नाही, असं पोरं म्हणाली. पण मागून आणलेली वाटीसुद्धा अक्काने कधी रिकामी परत केली नाही. तिचं नाव त्या फळ्यावर? गल्लीतल्या सगळ्या बायकांनी रोज शंभर विड्या तिच्या नावाने जास्त वळल्या. कमी पडले त्याला माझ्या कानातली फुलं मोडली.

काल सगळे पैसे भरून आले. पावतीवर तिचं नाव आहे आणि त्याच्या आधी छापलंय, लाभार्थी.