दौलतमामांची रिकामी दमणी

दौलतमामा रस्त्याने पायी चालत आणि त्यांची दोन बैलांची दमणी मागून रिकामी येई. रिकामी म्हणजे, कासरा धरून मी बसलेला असे. पण भाच्याला कोण मोजतो! पुढे धोतराचा सोगा खोचलेले, घामाघूम मामा, मागे घुंगुरमाळांचे पांढरेशुभ्र बैल आणि गादीवर मी. नांदगावच्या बाजारात बाया तोंडाला पदर लावून हसत. मामा ओरडत, "हासा बाई, हासा! हासल्यानं बी पोट कमी होते!"

मामांवर ही पाळी का आली, ते सांगतो. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्यांच्या अंगणात धड खाट नव्हती, त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. मामांनी बसायला ही दमणी घेतली आणि त्या दिवसापासून पायांना रजा दिली. वावरात दमणी, चावडीवर दमणी, सकाळी लोटा घेऊन नाल्याकडे जायचे तरी दमणी! रोडग्यावर तुपाची वाटी उपडी केल्याशिवाय घास उतरत नसे. "भाव हाय तोवर तूप खाऊ, मंग भाकर हायेच," असे म्हणत. पन्नाशी उलटेपर्यंत पोट असे सुटले की स्वतःचे जोडे दिसेनात. ओटा चढले की लोहाराच्या भात्यासारखे वाजत.

शेवटी मी त्यांना अमरावतीच्या हकीमसाहेबांकडे नेले. साहेबांनी नाडी पाहिली, सुजलेले पाय दाबले आणि बाहेर उभ्या दमणीकडे बघत म्हणाले, "पाटील, बैल आपके खूब तंदुरुस्त हैं. चलते हैं ना! आपका भरोसा नहीं." तूप बंद, ज्वारीची भाकर आणि रोज चालणे. नाहीतर पोरीचे लग्न पाहायला मिळणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

खरी पंचाईत तिथेच होती. मामांची एकुलती एक लेक गोदी हिचे अकोल्याच्या एका कापूस-अडत्याच्या घरी जमले होते, आणि त्या दिवसांत पायी चालणारा पाटील म्हणजे बुडालेला पाटील. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमी पायी दिसले, त सोयरीक मोडली समजा!"

आतून गोदी म्हणाली, "मोडू दे वं माय. बाबा राह्यले म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी मामांनी मला दमणी जुंपायला लावली आणि स्वतः बैलांच्या पुढे चालू लागले. "दमणी दिसली म्हंजे झालं लेका. आत कोन हाय, ते कोन पाह्यते!"

लोकांनी पाहिलेच. कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे पाटलाचे डोके फिरले. बातमी अकोल्याला पोचली आणि व्याही स्वतः चौकशीला आले. गाठ पडली ती नेमकी रस्त्यावर. गृहस्थ असे की त्यांच्या दमणीत दुसरा माणूस मावला नसता.

"पाटील, ही दमणी कोनाची?"

"माहीच."

"मंग बसत काहून नाई?"

नवस आहे म्हणा, असे मामीने पढवून ठेवले होते. आठवण द्यायला मी मागून खाकरलो. मामांनी माझ्याकडे एकदा रागाने पाहिले. "नवसगिवस काई नाई. मले दम लागते. चाललो नाई, त पोरीच्या लग्नापर्यंत टिकत नाई. मेल्यावर चौघं उचलतेच, जित्तेपनी काहून उचलून घेऊ? पायी चालनारा सोयरा नको असन, त आताच सांगा."

गेले गोदीचे लग्न, असेच वाटले. व्याही आपल्या गड्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने वाकून म्हणाले, "चालल्यानं दम... खरंच कमी होते काय?"

"उतरा खाली," मामा म्हणाले. दोन गड्यांनी मिळून त्यांना उतरवले.

लग्न थाटात झाले. पंक्तीत मामांनी सगळ्यांना आग्रहाने तूप वाढले आणि स्वतः कोरडी भाकर खाल्ली. तोंड असे केले होते की पाठवणी जणू त्यांचीच आहे.

पुढे तिकडची लढाई संपली आणि भाव कोसळला. शिंगांची चांदी गेली, बैल गेले, दमणीही गेली. आता गोदीच्या सासरी काय तोंड दाखवणार, या काळजीने माझी झोप उडाली. अशात आम्ही दोघे पायी बाजाराला निघालो असता वाटेवर एका ओळखीच्या माणसाने मामांना हटकले, "पाटील, आज दमणी मागं नाई?"

"इकली भाऊ. बुडालो."

तो खो खो हसला. "राहू द्या पाटील! तब्येतीपायी चालता तुमी, साऱ्या मुलखाले ठावं हाय." आणि तूप कसे सोडावे, हे विचारत बराच वेळ चिकटून राहिला.

तो गेल्यावर मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "पाह्य लेका! आता खरंच बुडालो, त कोनी इस्वास ठेवत नाई!"

मलाही हसायचे होते. पण इतकी वर्षे गादीवर बसून माझी अशी गत झाली होती की तोंडातून शब्द फुटेना. मी धापा टाकत कडेच्या दगडाकडे वळलो. मामांनी माझ्या खांद्यावरचे गाठोडे काढून आपल्या खांद्यावर घेतले.

"बसू नको. बसला तो बसलाच. हळूहळू चाल, मी हाय संगं."