पेडलवाल्या आजी

ब्रेकमधली हवा काढणं एकट्याचं काम नव्हे. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं पडून नट ढिला करायचा, बुडबुडे बाहेर काढायचे आणि पुन्हा आवळायचा. बायको सँडीफोर्डला ऑफिसात, आणि मी ॲडम्सटाउनच्या घरासमोर पाना घेऊन ताटकळत बसलेलो. तेवढ्यात कुत्र्याला फिरवणाऱ्या एक आयरिश आजी थबकल्या. "पाय हवाय का?" म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराआधीच बूट काढून ड्रायव्हरच्या सीटवर!

मी ओरडायचो, "दाबा!" त्या खिडकीतून गर्जायच्या, "दाबलं!" शेवटचा बुडबुडा निघाला तेव्हा आम्ही असा जल्लोष केला की कुत्रंही नाचायला लागलं.

"इतका सराईत पाय! गाडी कधीपासून चालवता?"

"छे, मी कधीच नाही चालवली! नवरा घरीच दुरुस्त्या करायचा, पेडल माझ्याकडे. मला गाडी फक्त थांबवता येते."

ब्रेक तपासायला निघालो, तर आजी हक्कानं शेजारी बसल्या, कुत्रं मागे. कोपऱ्यावर मी ब्रेक मारला आणि त्यांनीही मोज्यातला पाय समोर गच्च दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

"ग्रँड!" त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, स्वतःच्याच पायाकडे कौतुकानं बघत.